गुलाबी टोपणाची बाटली

आमच्या गावात काळा चष्मा तिघांनीच घालायचा असतो. एक नवरदेवाने, तोही वरातीपुरता. दुसरा मोतीबिंदू काढून आलेल्याने. आणि तिसरा, शनिवारी मुंबईहून फार्महाऊसवर येणाऱ्याने, कारण त्याला कुणी काही बोलत नाही. या तिघांखेरीज कुणाच्या नाकावर चष्मा दिसला की समोरचा आधी दोन पावलं मागे सरकतो आणि विचारतो, "डोळं आलं का गं?" नाही म्हटलं तर त्याचा चेहरा आणखी कडू होतो. म्हणजे आजार नाही, शिष्टपणा आहे, असं तो मनात नोंदवून पुढे जातो.

कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. होळी झाली की इथे राब भाजायला सुरुवात होते. पावसाळ्यात भाताचं रोप जिथे करायचं, तो शेताचा तुकडा आम्ही उन्हाळ्यातच भाजून ठेवतो. खाली शेण, वर तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, गवत, सगळ्यावर मातीचा थर, आणि मग काडी लावायची. वर माती असल्यामुळे ते भडकत नाही, दिवसभर नुसतं धुमसतं. एका घरचा राब विझतो तोवर दुसऱ्याचा पेटतो. त्यात ओढ्यापलीकडे दोन वीटभट्ट्या. त्यात रस्ता रुंद करायचं काम, जे इतकी वर्षं चाललंय की आता रस्त्यापेक्षा धूळच रुंद झाली आहे. जूनपर्यंत अख्ख्या गावाचे डोळे तांबडे. बाहेरच्या पाहुण्याला वाटावं, इथे सगळे सकाळपासून पिऊन बसलेत. काही जण बसलेले असतातही, पण ते निराळं.

एवढे डोळे जळतात, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. उन्हाळा आहे म्हणजे डोळे चोळायचे, जसं पावसाळा आहे म्हणजे छत्री घ्यायची. फरक एवढाच की छत्री घेतल्यावर कुणी हसत नाही.

मी ब्लाउज शिवते. लग्न होऊन आले तेव्हा माहेरची एक जुनी मशीन घेऊन आले होते, ती पुढे बदलली, पण काम तेच राहिलं. आसपासच्या चार वाड्यांतल्या बायका माझ्याकडे येतात. लग्नसराई नेमकी उन्हाळ्यात, म्हणजे माझ्या कामाचा भर आणि गावातल्या धुराचा भर एकाच वेळी. मशीन पडवीत खिडकीपाशी होती, खिडकी माझ्या डाव्या हाताला. उजेड तिकडून येतो म्हणून मीच हट्टाने ती तिथे ठेवून घेतली होती. उजेडाच्या सोबतीने भट्टीचा धूरही तिकडूनच येतो, हे लक्षात यायला मला अख्खा उन्हाळा लागला. दुपार झाली की डावा डोळा खाजायला लागायचा, मग पाणी, मग पापणीखाली वाळूचा कण अडकल्यासारखं टोचत राहायचं. मी चोळायची. चोळलं की बरं वाटायचं आणि दुप्पट खाजायचं.

आमच्या आळीत डॉक्टर नाही, पण त्याची उणीव कधी भासली नाही. शेजारच्या काकूंनी धने भिजवलेलं पाणी आणून दिलं. समोरच्या घरातल्या आजोबांनी मध घालायला सांगितला, आणि मी किंचाळले तेव्हा शांतपणे म्हणाले, "झोंबतंय म्हंजे गुण येतोय." एकीने तर पलीकडच्या बाळंतिणीकडून वाटीत दूध काढून आणलं. ती बिचारी दारात उभी राहून बघत होती, आपल्या लेकराच्या तोंडचं दूध कुठल्या कामाला लागलं ते. मी सगळं घालून घेतलं. कुणाचं मन मोडायचं नाही, असं वळण मला माहेरी लावलं होतं. डोळ्याचं काय झालं तर चालेल, पण शेजारीण रुसायला नको.

शेवटी आरोग्य केंद्रात गेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पापणी उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "चोळू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा. मशीन खिडकीपासून हलवा. धुरात, धुळीत जाताना चष्मा लावा, साधा असला तरी चालेल. आणि हे थेंब घाला, हे नुसते अश्रूंसारखे आहेत, ओलावा राहावा म्हणून." मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आई म्हणते.

"सुई नाय मारली?" आईंनी विचारलं.

"नाही."

"लाल गोळी?"

"नाही. पाणी मारायला सांगितलंय. आणि चष्मा."

"एवढं उन्हातान्हाचं जाऊन पाणी मारायला सांगितलं? मग ती डॉक्टरीण कसली?"

आळीतल्या बायका हसल्या. मीही हसले. ज्या एका बाईने मला खरं सांगितलं होतं, तिच्यावर हसणाऱ्यांत मी होते.

माझ्या नवऱ्याला मात्र ते पटलं होतं. तो खोपोलीला कारखान्यात पाळीवर जातो. "कंपनीत चष्मा लावल्याशिवाय आत सोडत नाहीत आम्हाला," तो म्हणाला आणि येताना कर्जत स्टेशनाबाहेरून एक चष्मा घेऊन आला. बाजूनेही झाकणारा, काळसर, जरा मोठाच. दुसऱ्या दिवशी आमचा राब भाजायचा होता. मी डोक्याला पदर गुंडाळला, चष्मा लावला आणि टोपली घेऊन शेतावर गेले.

"आली बघा फार्महाऊसवाली," कुणीतरी बांधावरून म्हणालं. चुलत जाऊ कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्यासंगं एक फोटू काढा की!" एकाने शिट्टीवर कसलंसं गाणं धरलं. आई हसल्या नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "घरात घाल गं काय घालायचं ते. लोकं बघतात."

घरात कुठला आला होता धूर! पण मी चष्मा काढला, कमरेला खोचला आणि दिवसभर धुरात उभी राहिले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी मी सगळ्यांसारखी दिसत होते याचं मला समाधान होतं. संध्याकाळी तो चष्मा मशीनच्या खणात बॉबिनांच्या खाली ठेवून दिला. तो तिथे तीन उन्हाळे पडून होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे, आणि त्या यादीत माझं नाव वर असलेलं बरं.

त्याच उन्हाळ्यात एका शिबिरातून आईंचा मोतीबिंदू काढला. त्यांना घरी पाठवताना काळा चष्मा आणि गुलाबी टोपणाची एक छोटी बाटली दिली. त्या थेंबांचं वेळापत्रक होतं. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, मग चार, मग कमी कमी करत थांबवायचं. आईंना लिहिता-वाचता येत नाही, पण त्यांनी रोज सकाळी वाटीत तुरीचे दाणे मोजून ठेवले आणि प्रत्येक थेंबाला एक दाणा बाहेर काढला. एकही वेळ चुकवली नाही. डोळा असा स्वच्छ झाला की तांदूळ निवडताना त्या माझ्या नजरेतून सुटलेले खडे काढायला लागल्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "आता हे बंद. उरलेलं फेकून द्या."

आता, आईंनी आयुष्यात साखरेची रिकामी पिशवीसुद्धा फेकलेली नाही. त्यांनी ती बाटली देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या डबीशेजारी ठेवली.

चार दिवसांनी मी मशीनवर बसून डोळा चोळत होते. आई ओट्यावरून बघत होत्या. "ये इकडं," त्या म्हणाल्या. "पड." मी ओट्यावर आडवी झाले. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, एका हाताने कपाळ दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने थेंब सोडला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्या हाताने मला कामं दाखवली होती, दारं दाखवली होती, एकदा लाटणंही दाखवलं होतं. कपाळावर तो पहिल्यांदाच पडला. मला बरं वाटलं, आणि ते डोळ्यामुळे की हातामुळे हे मी तेव्हा तपासून बघितलं नाही.

सकाळी डोळा पांढरा स्वच्छ. खाज नाही, पाणी नाही, टोचणं नाही. धने, मध, बाळंतिणीचं दूध आणि डॉक्टरीणबाईंचं गार पाणी, सगळे एका थेंबापुढे हरले.

मग काय, ही बातमी आळीत पोचायला मोबाईल लागला नाही. ती बाटली विरजणासारखी घरोघर फिरायला लागली. सकाळी काकूंकडे, दुपारी समोरच्या आजोबांकडे, संध्याकाळी परत देव्हाऱ्यात. तिचं टोक कुणाकुणाच्या पापण्यांना टेकून येत होतं देव जाणे. एकाच्या डोळ्याला चिपडं धरली की आठवड्यात तीन घरांत धरायची. तेव्हा लोक म्हणायचे, साथ आली. साथ कुठून येते, तर आमच्या देव्हाऱ्यातून, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. उलट साथ आली म्हणून बाटलीला मागणी आणखी वाढली.

बाटली संपल्यावर मी मोबाईलवर तिचा फोटो काढून मेडिकलवाल्याकडे गेले. त्याने फोटोकडे नीट बघितलंही नाही. "गुलाबी टोपण ना? देतो की."

"चिठ्ठी नाही हो माझ्याकडे."

"चिठ्ठी कशाला वैनी? तुमच्या गावचं रोजचंच हाय."

त्या औषधाचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नाव बाटलीवर छापलेलं होतं, त्याखाली बारीक अक्षरांत आणखी बरंच काही छापलेलं होतं. मी बारावी शिकलेली बाई, ब्लाउजच्या मापांची वही अचूक ठेवते. ती अक्षरं मी वाचली नाहीत. गुलाबी टोपण एवढी ओळख आम्हाला पुरेशी होती.

दुपारचे चार वाजले की आईंचा ओटा भरायचा. शेजारच्या वाडीतूनही माणसं यायची. एकेक जण आडवा व्हायचा, आई त्याचं डोकं मांडीवर घ्यायच्या आणि दटावायच्या, "डोळा उघडा ठेव रं. तोंड मिट." आयुष्यभर कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आता पाटील असो की पुढारी, सगळे त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आ करून पडायचे. त्यांच्या चालण्यात फरक पडला. माझ्याशी बोलण्यातही पडला. "माझ्या सुनेचा डोळा बघा," त्या लोकांना सांगायच्या आणि मला मशीनवरून उठवून दाखवायच्या. मीही उठून डोळा मोठा करून दाखवायची. जाहिरातीतली बाई पैसे घेते, मी फुकट करत होते.

माझं म्हणाल तर सवय लागली होती. डावा जास्त खाजायचा म्हणून डाव्यात दोन थेंब, उजव्यात एक, आणि उजवा बरा असला तर त्याला सुट्टी. लग्नसराईत सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पहिला उन्हाळा संपला तरी बाटली संपवायची म्हणून घालत राहिले. मग दिवाळीच्या गर्दीत डोळे दमतात म्हणून. असे तीन उन्हाळे गेले. या तीन वर्षांत माझे डोळे गावात सगळ्यांत सुंदर होते.

मग सुईत दोरा जाईना. मी म्हटलं, चाळिशी. दिवा लावला की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसायचं. मी म्हटलं, व्होल्टेज. दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज आपटायला लागला. मी म्हटलं, घाई. एका नवरीच्या ब्लाउजची डावी बाही मी उलटी लावली, आणि तिच्या आईने चार बायकांत तो ब्लाउज उलटा करून दाखवला. मी म्हटलं, तिला खोडच आहे. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. उपाय मात्र एकच होता, आणखी एक थेंब.

खोपोलीला चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला गेले. दुकानदाराने काचा बदलून बदलून पाहिल्या, मला अक्षरं वाचायला लावली आणि शेवटी ती लोखंडी चौकट माझ्या नाकावरून काढून घेतली. "ताई, हे नंबरचं काम नाही," तो म्हणाला. "पनवेलला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आठवडाभरात जा." चष्मा न विकता गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पनवेलची एसटी धरली.

पनवेलला त्यांनी मला एका पांढऱ्या घुमटासमोर बसवलं. उजवा डोळा झाकला, हातात एक बटण दिलं. समोर बघायचं, आजूबाजूला बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसले. एखाददुसरा ठिपका दिसला, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी म्हटलं, "बाई, तुमची मशीन बंद पडली वाटतं."

"चालू आहे," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही बघत राहा."

मी बघत राहिले. माझ्या डाव्या बाजूला ठिपके चमकत होते आणि मी घुमटाच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होते.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी डोळ्याचा दाब मोजला, आत उजेड टाकून पाहिलं, आणि विचारलं, "कुठलं औषध घालता का?" मी पर्समधून बाटली काढली आणि हळदीकुंकवाचं वाण द्यावं तशी त्यांच्या टेबलावर ठेवली. अजूनही मला वाटत होतं, हे शाबासकी देतील.

"किती दिवस?"

"तीन वर्षं झाली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश समजावून सांगितलं. हे स्टेरॉईड आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली घालायचं. लाली लगेच जाते, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. पण काही जणांच्या डोळ्यात याने आतला दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. मागची नस हळूहळू मरत जाते. "डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेलेली आहे," ते म्हणाले. "ती परत येणार नाही. समोरची जी आहे ती टिकवायची, आणि उजवा वाचवायचा. त्यातही दाब वाढलाय."

मी एवढंच विचारलं, "ब्लाउज शिवता येतील का?"

"उजवा सांभाळलात तर येतील."

म्हणजे माझं हातातलं काम, चार वाड्यांतली माझी ओळख, माझ्या घरातलं माझं वजन, सगळं आता एका डोळ्यावर होतं. त्या डोळ्याला मी तीन वर्षं सुट्ट्या दिल्या म्हणून तो थोडा तरी शिल्लक होता. येताना एसटीत मी रडले. शेजारी बसलेल्या बाईने माझ्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, पदर नाकाला लावला आणि उठून मागच्या सीटवर गेली.

घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. ओट्यावर तिघं बसले होते, चौथा आईंच्या मांडीवर होता. मी तिथेच सगळं सांगितलं. मांडीवरचा माणूस उठून बसला. चुलत जाऊ म्हणाली, "मला तर कायच झालं नाय. येकेकाला सोसत नाय, काय करणार?" समोरचे आजोबा म्हणाले, पनवेलवाले घाबरवतातच, त्यांना ऑपरेशनं करायची असतात. मेडिकलवाल्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेले, तर तो म्हणाला, "मी थोडंच बनवतो वैनी? लोकं मागतात, आमी देतो." कुणाचीच काही चूक नव्हती. माझा अर्धा डोळा आपल्या पायाने उठून गेला होता.

पण त्या दिवशी ओट्यावर मी आईंवर ओरडले. आजवर कधी आवाज चढवला नव्हता. "फेकून द्या सांगितलं होतं ना तुम्हाला? तुमच्या हाताने माझा डोळा गेला."

आईंनी हातातल्या बाटलीला टोपण लावलं. "माझा त्यानंच बरा झाला ना," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला त्यांचा संताप आला. रडल्या असत्या, कपाळावर हात मारून घेतला असता, मला उलट दोन शब्द सुनावले असते, तरी चाललं असतं. त्यांनी भाकरी थापायला घेतल्या. बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले आणि त्या तेवढंही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ओटा मात्र रिकामा राहिला. देव्हाऱ्यातली बाटली दिसेनाशी झाली. काकू मागायला आल्या तेव्हा आई ओट्यावरूनच म्हणाल्या, "संपली. आणि आणायची नाय."

आता मी दुसरे थेंब घालते, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. दाब उतरलाय, उजवा टिकून आहे. मशीन आतल्या भिंतीला लावली. दुपारी गार पाण्याची पट्टी ठेवते, चोळायचा हात आपसूक वर जातो तेव्हा तो मांडीखाली दाबून बसते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं करते, तीन वर्षं उशिरा. आळीतल्या सगळ्यांच्या मी मागे लागले, तपासून घ्या म्हणून. दोघं गेले. त्यातल्या एकाचा दाब वाढलेला निघाला, वेळेवर. तो मला भेटला की मान खाली घालतो, आभार मानायचे राहिले म्हणून की लाज वाटते म्हणून, ते त्यालाच माहीत. बाकीचे अजून मेडिकलवाल्याकडे जातात. गुलाबी टोपण अजून मिळतं.

आणि खणातला तो चष्मा मी बाहेर काढला. घरातून पाऊल बाहेर टाकलं की तो नाकावर असतो. लोक हसतात, मला आता ते ऐकू येतं पण लागत नाही. लागलं ते निराळंच. एका हळदीत चुलत जाऊ माझ्या डाव्या हाताला उभी राहून माझ्याकडे बघून हसली म्हणे, आणि मी तशीच पुढे गेले. लग्न लागेपर्यंत मांडवभर झालं, "गॉगल घातल्यापासनं ओळख दाखवत नाय." मी तिला समजावायला गेले, की त्या बाजूचं मला दिसत नाही. ती म्हणाली, "असं कसं गं, येका बाजूचंच दिसत नाय? आमाला शिकवू नको." चष्मा लावला तरी शिष्ट, नजर गेली तरी शिष्टच.

त्या वेळी आई मागे खुर्चीवर बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

आमच्याकडे सासू पुढे चालते आणि सून मागे, डोक्यावर टोपली घेऊन. वीस-एकवीस वर्षं मी आईंची पाठ बघतच शेतावर गेले आहे. त्या हळदीनंतर राब भाजायला निघालो तेव्हा त्या पुढे गेल्या नाहीत. मी थांबले, तर त्याही थांबल्या. मग मी चालायला लागले आणि त्या माझ्या डाव्या हाताला येऊन चालायला लागल्या. मला वाटलं, म्हातारपण आहे, दमल्या असतील. बांध एका माणसापुरता असतो, तर त्या खाली उतरून भाताच्या खुंटांतून चालल्या, पायाला टोचत असतील तरी. परत येतानाही तसंच. बाजारात तसंच, एसटीच्या थांब्यावर तसंच, लग्नात तर माझ्या डाव्या बाजूची खुर्ची आधी जाऊन धरतात. चुकलं म्हणून त्या आजवर बोललेल्या नाहीत, आणि मीही आता वाट बघत नाही.

परवा एका साखरपुड्याला आम्ही मांडवात शिरत होतो. मी समोर बघत होते. आईंनी माझं कोपर दाबलं.

"डावीकडं तुझी चुलत जाऊ हाय," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "बघते तुझ्याकडं. हस."

मी हसले.